बारकू पियानोवाला

लोक उन्हात पापड वाळवतात, कुरडया वाळवतात, सुकट वाळवतात. बारकू सेल वाळवायचा. मोठ्या टॉर्चमध्ये घालतात ते जाडे सेल. लग्नघरी पोचला की आधी अंगणातला उन्हाचा तुकडा शोधायचा, घरातल्या कुणाकडून तरी एक सूप मागून घ्यायचा आणि त्यात सेल ओळीनं मांडून ठेवायचा. मग दर थोड्या वेळानं येऊन त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवायचा. एकदा किन्हवलीकडच्या एका आजीनं विचारलं, "कसला रे ह्या वाळवण?" बारकू गंभीरपणे म्हणाला, "सेल हायत, आजी. ऊन खाल्ला का त्यांना ताकद येते." आजीनं मान डोलावली आणि कोंबड्या हाकलताना सुपाकडेही लक्ष ठेवलं.

आता गंमत अशी, की बारकूला सेलांची काही गरज नव्हती. तो वाजवायचा 'न्यू काळू किनारा रॉक बँड, मुरबाड' यांच्यात. नावात रॉक असलं तरी होती ती आपली बेंजो पार्टीच. मालक हरेश यानं कुठल्या तरी बनियनवर 'रॉक' हा शब्द वाचला, त्याला तो आवडला आणि पेंटरनं तो टेम्पोच्या पाठीवर आगीच्या ज्वाळांसकट काढून दिला. त्या टेम्पोत भिंतीएवढे स्पीकर होते आणि ते चालवायला एक दणकट जनरेटर होता. बारकूच्या की-बोर्डात सेल बसायचे आणि त्याला स्वतःचा बारकासा स्पीकरही होता, पण तोही त्याच जनरेटरवर चालायचा. मग सेल कशाला? विचारलं की बारकूचं उत्तर ठरलेलं, "जनरेटरचा भरवसा नाय."

आणि त्याचं खरंच होतं. पण ते पुढं सांगतो.

नव्वद सालानंतरची ती दहा-पंधरा वर्षं शहापूर-मुरबाड पट्ट्यात बेंजो पार्टीशिवाय लग्न म्हणजे नवऱ्याशिवाय लग्न. टेम्पोच्या पुढे ढोल-ताशेवाले, आणि त्यांच्याही पुढे गळ्यात बेंजो अडकवून, कपाळाला रुमाल बांधून, संध्याकाळीसुद्धा काळा गॉगल घालून किंग हरेश. 'किंग' त्यानं स्वतःच लावलं होतं. पोरं त्याच्यासाठी वेडी व्हायची, त्याला खांद्यावर घ्यायची. बारकू मात्र टेम्पोच्या आत, स्पीकरच्या पाठीमागे, जनरेटरच्या शेजारी. उलट्या क्रेटवर बसलेला, मांडीवर की-बोर्ड. धूर नाकात, स्पीकरची पाठ तोंडासमोर. बँड पाहिलेल्या शंभरातल्या नव्वद माणसांनी त्याला कधी पाहिलेलाच नव्हता.

त्याला की-बोर्डवाला म्हटलेलं चालायचं नाही. "पियानो हाय ह्यो," तो सांगायचा, "फक्त अंगानं बारीक. माझ्यासारका." तो मूळचा वैशाखऱ्याकडचा. भावाच्या शेतात लावणीपासून झोडणीपर्यंत राबायचा, आणि लग्नसराई आली की टेम्पोत चढायचा. वाजवायला शिकला होता गावच्या भजनी मंडळात, पेटीवर. तिथून त्याला काढून टाकलं. कारण काय, तर अभंग संपला तरी हा सूर सोडत नसे. बुवा प्रसाद वाटायला लागले, लोक चपला शोधायला लागले, तरी पेटी सुरूच. बुवा ओरडले, "आरे, संपला ना!" तर हा वर बोट दाखवून म्हणाला, "तुमचा संपला. त्याचा आजून हाय."

आम्ही तिघं त्याचे भक्त होतो. सबंध तालुक्यात तिघंच. मी शहापूरच्या एका पतपेढीत कारकून. मोरू सहा आसनी रिक्षा चालवायचा. आणि भगवान हा लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. गुलाबाच्या पाकळ्या उघडतात आणि आतून नवरी बाहेर येते, तसल्या कॅसेटी काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. भगवानला कामासाठी जावंच लागे, मी आणि मोरू मात्र आमंत्रणाशिवाय जायचो. नवरीकडचे आम्हाला नवऱ्याकडचे समजायचे आणि नवऱ्याकडचे नवरीकडचे. कुणी उपाशी ठेवलं नाही.

भक्त व्हायला कारण झालं ते शहापूरच्या एका लग्नात. बाजारपेठेच्या रस्त्यावर दोन वराती समोरासमोर आल्या. समोरच्या बँडचे स्पीकर आमच्या दुप्पट. दोन्हीकडची पोरं हट्टाला पेटली, दोन्ही बँड जीव खाऊन वेगवेगळी गाणी वाजवायला लागले आणि रस्त्यात नुसता कल्लोळ. मी तेव्हा टेम्पोच्या मागच्या फळीला टेकून उभा होतो. बारकूनं हात उचलले, डोळे मिटले आणि कान समोरच्या बँडकडे लावले. मग असं काही वाजवायला लागला, की आमचं गाणं हळूहळू त्यांच्या गाण्यात शिरलं. कुठून शिरलं ते कळलं नाही. थोड्या वेळात दोन्ही बँड मिळून एकच गाणं वाजवत होते आणि समोरची पोरं आमच्या पोरांच्या गळ्यात हात टाकून नाचत होती. मारामारीसाठी उचललेली एक काठी मी स्वतः नाचताना पाहिली. लोकांनी हरेशला खांद्यावर घेतलं. बारकूनं डोळे उघडून मला विचारलं, "आयकला काय?"

मी म्हटलं, "ऐकलं!"

"काय आयकला?"

मला सांगता येईना. त्यानं मान हलवली आणि घाम पुसला. ही त्याची नेहमीची परीक्षा. प्रत्येक गाण्यानंतर "आयकला काय?" आणि लगेच "काय आयकला?" आम्ही तिघं वर्षानुवर्षं तीत नापास होत आलो. पण विचारायचा मात्र आम्हालाच, आणि त्याचा आम्हाला फार अभिमान होता.

त्याचे कान म्हणजे एक प्रकरणच होतं. म्हसा गावच्या जत्रेत लोक बैलाचे दात बघतात, वशिंड बघतात. बारकू गुरांच्या बाजारात दिवसभर नुसता घुंगरं ऐकत फिरायचा. एकदा एका शेतकऱ्याला म्हणाला, "दादा, उजव्या बैलाचा घुंगरू वाईच चढा लागतो." शेतकरी तापला. "बैल घेतो का घुंगरू?" बारकू म्हणाला, "घेत काय नाय. पन डावा बैल अवघडतो ना." शेतकऱ्यानं त्याला हाकललं. तासाभरानं आम्ही परत तिकडून गेलो, तर शेतकरी दोन्ही घुंगरं आलटूनपालटून कानाशी धरून बसला होता.

लग्नघरी त्याच्या आणखी दोन खोडी होत्या. एक म्हणजे टेम्पो लावणं. मांडवाजवळ टेम्पो कसा उभा करायचा हे तोच ठरवायचा. "आजून हातभर मागं. आजून. वाईच डावीकडं." ड्रायव्हर रडकुंडीला यायचा. टेम्पोचं तोंड लोकांकडे हवं असं हरेशचं म्हणणं, आणि पाठ मांडवाला चिकटली पाहिजे असं बारकूचं. दुसरी खोड म्हणजे म्हाताऱ्या बायकांत जाऊन बसणं. दुपारी सगळे कलाकार झाडाखाली पत्ते खेळत, आणि हा माजघराच्या उंबऱ्यावर पान मागत. "बाय, घसा कसा हाय? वाईच बोल ना एक गाना." बायका हसायच्या. हरेश म्हणायचा, "आमच्या बारकूला तरण्या पोरींचा काय नाय. म्हाताऱ्या दिसल्या का खूश."

आणि मग तो जनरेटर. आमच्या बँडचा जनरेटर तालुक्यात गाजलेला होता. वरातीत कधी दगा द्यायचा नाही, जेवणावळीत द्यायचा नाही. बंद पडायचा तो नेमका हळदीला. संध्याकाळी नवऱ्याला पाटावर बसवलं, पोरं रंगात आली, की खोकल्यासारखा आवाज काढून गप्प. मांडवातले दिवे गावच्या लायनीवर, ते चालू. बँड तेवढा मुका. जनरेटरवाला धावत यायचा, प्लग काढून पुसायचा, फुंकर मारायचा, हरेश त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि हळद लागून झाली की जनरेटर पुन्हा सुरू. हरेशनं जनरेटरवाला बदलला. मग जनरेटर बदलला. मग टेम्पोवर लिंबू-मिरची बांधली. रोग तोच. बारकू म्हणायचा, "मी बोल्लो नव्हतो? भरवसा नाय."

बारकू गेला तो एका पावसाळ्यात, साध्या तापाचं निमित्त होऊन. लावणी अर्धी राहिली होती. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. हरेश भला माणूस, रडला. पण लगेच म्हणाला, "दिवाळीनंतर सिझन हाय, दुसरा बघायला लागंल." दुसरा मिळालाही. बँडमध्ये काही बदल झाल्याचं कुणाला जाणवलं नाही. आम्हाला त्याचा फार राग आला.

मोरू म्हणाला, "मुरबाड स्टँडवर बॅनर लावायचा. मोठा. लोकांना कळाया पायजे कोण गेला." ठरलं. मजकूर मी लिहिला, 'पियानोसम्राट' वगैरे. आणि फोटोपाशी अडलं. बारकूचा फोटोच नव्हता. भावाकडे गेलो. तो बिचारा ओशाळला. "आमच्यात कोन काढतो फोटू? आमच्या आयचा पन नाय. ती धवळे बोलायची लग्नात. तिचा आवाज पन नाय ऱ्हायला कुठं. बारकू लय बारीक होता ती गेली तवा." पडवीत बारकूची खोली होती. एक घोंगडी, की-बोर्ड, आणि सुपात सेल.

धवळे म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी. ती म्हणणारी बाई धवळारीण. भटजी मंत्र म्हणतो ते वेगळं, पण हळदीला नवऱ्याचं नाव घेऊन, सगळ्या देवांना लग्नाला बोलावणं करते ती धवळारीण. बेंजो पार्ट्या आल्या आणि या बायकांचे आवाज त्याखाली गाडले गेले. म्हातारी ओठ हलवतेय एवढं दिसायचं. तिच्यासाठी बँड थांबवा असं कुणी म्हटलं असतं, तर पोरांनी त्यालाच मांडवाबाहेर काढलं असतं.

भगवान फार खजील झाला होता. "आयुष्यभर शूटिंग केला, पन त्याच्यावर एकदा कॅमेरा नाय फिरवला." मग आम्ही जुन्या कॅसेटी शोधायला निघालो. मोरूच्या रिक्षात भगवानचा व्हीसीआर गोधडीत गुंडाळलेला, आणि आम्ही गावोगाव. "तुमच्या लग्नाची कॅसेट आहे का?" म्हटलं की लोक हरखून जायचे. चहा यायचा, शेजारी जमायचे, आणि पहिल्यापासून बघावी लागायची. पुढे पळवलेली चालायची नाही. "थांबा, आमची मावशी येतेय आता. आता नाय ती." आम्ही मावश्या पाहिल्या, आहेर पाहिले, गुलाबातून निघणाऱ्या नवऱ्या पाहिल्या. हरेश तर प्रत्येक कोनातून पाहिला. बारकू नव्हता. एके ठिकाणी त्याचं कोपर दिसलं. मोरू आनंदानं ओरडला, पण बॅनरवर कोपर लावता येत नाही.

हळद आली की प्रत्येक कॅसेटमध्ये जनरेटर बंद. "इथं दुसरा काय घ्यायला नव्हता," भगवान सांगायचा, "म्हनून म्हातारीवर कॅमेरा ठेवला." म्हातारी म्हणजे ठकूबाय. आसपासच्या सगळ्या गावांची धवळारीण तीच. मोरूचा इंजिनांशी रोजचा संबंध. तिसऱ्या का चौथ्या कॅसेटला तो म्हणाला, "येवडा शाना जनरेटर मी बगितला नाय. बाई गायला लागली का बंद. बाई थांबली का चालू."

आम्ही हसलो. मग हसणं थांबलं. मी म्हटलं, "आवाज वाढव."

ठकूबाय गात होती. थकलेला, किंचित चिरका आवाज. आणि त्याच्याखाली काहीतरी होतं. भगवान म्हणाला, टेपची घरघर असेल. पण टेपची घरघर गाणाऱ्या बाईबरोबर खाली उतरत नाही, आणि तिनं श्वास घेतला की तिच्यासाठी थांबून राहत नाही. एक बारीक, सलग सूर. ती घसरायला लागली की तो आधीच खाली जाऊन तिला झेलत होता. मागे घेऊन पुन्हा ऐकलं. जनरेटर बंद. स्पीकर बंद. मग हा सूर कुठून?

"सेल," मोरू म्हणाला.

इतक्या वर्षांच्या परीक्षेत आम्ही त्या दिवशी पास झालो. विचारणारा नव्हता.

पुढच्या घरी तो सापडला. हळद सुरू व्हायची होती, कॅमेरा मांडवाकडे, आणि पाठीमागे टेम्पोच्या दोन स्पीकरांमधल्या फटीत बारकू. त्याचा डावा हात पट्ट्यांवरून उठला आणि खाली जनरेटरकडे गेला. तेल बंद करायचा कॉक तिथंच. थोड्या वेळानं जनरेटर खोकला आणि विझला. जनरेटरवाला धावला, हरेश ओरडायला लागला, आणि बारकू शांतपणे की-बोर्डवर वाकून एका बोटानं पट्टी दाबून बसला. नजर ठकूबायच्या पाठीवर. त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. प्रत्येक शब्द त्याला पाठ होता. भगवाननं चित्र थांबवलं. आम्ही तिघं बाप्ये माणसं परक्याच्या घरात डोळे पुसत बसलो आणि त्या घरच्यांना वाटलं, आम्हाला त्यांची मावशी आठवली.

तिथल्याच सुनेनं सांगितलं, "ठकूबायनी धवळा सोडला ना आता. यंदा तुळशीच्या लग्नानंतर बोलवाया गेलो, तर नाय बोल्ली. म्हनं, देव येत नाय."

आम्ही व्हीसीआर घेऊन तसेच तिच्या गावी गेलो. तिच्याकडे टीव्ही नव्हता, पुतण्याकडे होता. ठकूबाय काठी टेकत आली. आम्ही का विचारतोय हे न सांगताच मी विचारलं, धवळा का सोडला?

"काय सांगू, बाबा," ती म्हणाली. "मी गानी बोलते ती देवाला आवतान. म्हसोबा या, गावदेवी या, नदी या, डोंगर या. ते बेंजो आले नि माजा मलाच आयकू यायचा नाय, तर देवाला काय जायल? सोडनारच होती तवा. मग एका हळदीला येकदम सगला गप झाला, नि माज्या मागून सूर आला. मी वलून बघितला नाय. देवाला वलून बघू नये. पन समजली, आले. मग परत्येक लग्नात यायचे. यंदा दोन हळदींना बोलवला. बेंजो काय थांबला नाय, नि कोन आला नाय. म्हटला, आता आपला आवतान वर जात नाय. बस."

आम्ही कॅसेट लावली. ती पुढे सरकून, डोळे बारीक करून बघत राहिली. मग म्हणाली, "हा तर पान मागनारा! 'घसा कसा हाय' विचारनारा. मला वाटं, येडा हाय." सूर ऐकू यायला लागला तसा तिनं कान पुढे केला. भगवाननं चित्र पुन्हा थांबवलं. मला भीती वाटली, की आपण म्हातारीचा देव काढून घेतला.

तिनं विचारलं, "कुठं हाय हा?"

"गेला, बाय. पावसाळ्यात."

"याचा लगीन कुनी लावला होता? मी तर नाय."

"लग्न नव्हतं झालं."

"आय?"

"ती लहानपणीच गेली. तीही धवळे म्हणायची."

ठकूबायनं पुतणसुनेला हळद कालवून आणायला सांगितली. मग उठली आणि टीव्हीवरच्या बारकूच्या दोन्ही गालांना हळद लावली. सून कळवळली, "आत्ती, काच खराब व्हयल!" ठकूबायनं ऐकलं नाही. पदर डोक्यावरून घेतला, जमिनीवर बसली आणि प्रत्येक लग्नात विचारते ते आम्हाला विचारलं, "नवऱ्याचा नाव काय?"

"बारकू," मोरू म्हणाला.

तिनं सुरू केलं. म्हसोबाला बोलावलं, गावदेवीला, नदीला, डोंगराला. बारकूच्या हळदीला या. मध्येच व्हीसीआर कंटाळला आणि चित्र गेलं. निळ्या काचेवर हळद तेवढी राहिली. ठकूबायचा आवाज घसरायला लागला. मागं सूर नव्हता. मला राहवलं नाही, मी तोंड मिटून हुंकार धरला. मग मोरूनं धरला, मग भगवाननं. तिघांच्या तीन पट्ट्या. बारकू असता तर त्यानं आम्हाला त्या भजनी मंडळातसुद्धा बसू दिलं नसतं. पण आम्ही सोडला नाही. तिचं गाणं संपलं तरी आम्ही धरूनच बसलो होतो.

ठकूबायनं डोळे पुसले. "बेसूर हाय," ती म्हणाली, "पन हाय. पुडल्या हळदीला येती मी. तुमी पन या."

बॅनर लागला. चित्र धुरकट आलं, स्टँडवरचे लोक विचारत राहिले, हा कोण. की-बोर्ड भावानं आम्हाला दिला. आता लग्नघरी पोचलो की मी सूप मागून घेतो आणि सेल उन्हात मांडतो. आम्हाला वाजवता येत नाही, पण एक पट्टी दाबून धरायला काय लागतं? मांडवामागे ठकूबायच्या पाठीशी बसतो. कुठली पट्टी ते तीच मान न वळवता सांगते, "खालची रं. आजून खालची." जनरेटरचा कॉक मोरू बंद करतो. हरेश अजूनही जनरेटरवाल्याला शिव्या घालतो.